बोट कुठल्या पाण्यातून आली?

पाण्याच्या इतिहासाच्या या मालिकेत आपण आड, बारव, पाट आणि धरणांच्या गोष्टी ऐकल्या. आज जरा लांब जायचंय, अमेरिकेतल्या तलावांवर. तिथे पिण्याचं पाणी पुरवणाऱ्या काही तलावांनी बाहेरून येणाऱ्या बोटींना आपलं दार लावून घेतलं. चोरी झाली म्हणून नाही, कुणी बुडालं म्हणूनही नाही. कारण होतं एक शिंपला, अंगठ्याच्या नखाएवढा.

हा विषय आम्ही का घेतला ते आधी सांगतो. आपल्याकडे आता धरणाधरणावर बोटिंग सुरू करा अशी मागणी असते. पर्यटक येतील, चहा-भजीचे गाडे चालतील, बचत गटांना काम मिळेल, असं सगळे बोलतात. आम्हालाही ते हवंच आहे. पण त्याच पाण्यात भोई-कोळ्यांच्या होड्या आहेत, त्याच पाण्यावर आपल्या नळयोजनेची जॅकवेल उभी आहे. पाणी एक आणि त्यावर हक्क सांगणारे तीन. असा गुंता दुसरीकडे कुणी कसा सोडवला, कुठे जमलं आणि कुठे फसलं, हे ऐकून ठेवलेलं बरं.

गोष्ट सुरू होते १९८८ च्या जून महिन्यात. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर पंचमहासरोवरं आहेत, शाळेच्या भूगोलात आपण ती पाठ केली होती. त्यातल्या ह्युरॉन आणि ईरी या दोन सरोवरांच्या मधे सेंट क्लेअर नावाचं एक लहान सरोवर आहे. कॅनडाच्या विंडसर विद्यापीठाची माणसं तिथे तळाचा गाळ आणि किडे तपासत होती. त्यांच्यात नुकतीच पदवी घेतलेली एक मुलगी होती. तळातून वर आलेल्या खड्यांत तिला एक खडा दुसऱ्याला चिकटलेला दिसला, ओढला तरी सुटेना. नीट पाहिलं तर तो खडा नव्हता, पट्टेरी शिंपला होता. इथला कुठलाच गोड्या पाण्यातला शिंपला असा दगडाला धरून बसत नाही, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने तो फेकून दिला नाही.

तो होता झेब्रा शिंपला. दिसायला गोव्या-कोकणातल्या शिनाण्यांचा धाकटा भाऊ, पण राहणारा गोड्या पाण्यात. त्याचं माहेर काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या आसपासच्या नद्या. युरोपात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात नद्या जोडायला कालवे खोदले गेले, तेव्हा तो होड्यांच्या बुडाला चिकटून पश्चिमेकडे सरकत गेला. १८२४ साली तो लंडनच्या गोदीत सापडला होता. म्हणजे माणसाच्या होडीवर बसून हिंडायची त्याची खोड जुनीच.

मधला एवढा मोठा अटलांटिक समुद्र त्याने ओलांडला कसा? खारं पाणी तर त्याला मारतं. उत्तर जहाजांच्या पोटात होतं. रिकामं जहाज पाण्यावर डुचमळतं, म्हणून त्याच्या टाक्यांत बंदरातलंच पाणी भरून घेतात. रिकामी बैलगाडी उसळू नये म्हणून आपण चार धोंडे टाकतो, तसंच. पुढच्या बंदरात माल चढवायच्या वेळी ते पाणी ओतून द्यायचं. १९५९ साली सेंट लॉरेन्स नदीचा जलमार्ग मोठा झाला आणि समुद्रातली जहाजं थेट पंचमहासरोवरांपर्यंत येऊ लागली. युरोपातलं गोडं पाणी टाकीत भरून यायचं आणि अमेरिकेतल्या गोड्या पाण्यात सांडायचं. त्यासोबत डोळ्यांना न दिसणारी शिंपल्यांची पिल्लंही सांडली.

मग पुढच्या वर्षीच काय झालं पाहा. १९८९ च्या डिसेंबरात ईरी सरोवराकाठच्या मन्रो नावाच्या गावाचा पाणीपुरवठा बंद पडला. सरोवरातून पाणी ओढणारा पाईप शिंपल्यांनी आणि बर्फाने आतून भरून गेला होता. गावात पाण्याचा ठणठणाट. घरोघरी कुणाची धावपळ झाली असेल, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

हा शिंपला आपल्या अंगातून तंतू काढतो आणि दगड, पाईप, जाळी, होडी, जे सापडेल त्याला घट्ट चिकटतो. एकावर एक थर चढत जातात. एक मादी एका हंगामात लाखो अंडी सोडते. पिल्लं काही आठवडे पाण्यात तरंगत राहतात, तोवर ती साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. प्रत्येक शिंपला दिवसाला साधारण लिटरभर पाणी गाळून त्यातलं खाणं काढून घेतो. ऐकायला बरं वाटतं, नाही का? पाणी स्वच्छ झालं की! सरोवरं खरोखरच नितळ दिसू लागली आणि पर्यटक खूश झाले. पण जे गाळून घेतलं ते माशांच्या पिल्लांचं अन्न होतं. ऊन तळापर्यंत पोचू लागलं आणि तळाशी शेवाळ माजलं. शिवाय हा शिंपला काही विषारी निळंहिरवं शेवाळ थुंकून टाकतो आणि चांगलं तेवढं खातो, त्यामुळे वाईटाला रान मोकळं मिळतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये टोलेडो शहरातल्या सुमारे ४ लाख लोकांना सांगावं लागलं की नळाचं पाणी पिऊ नका, उकळलंत तरी विष जाणार नाही. तिथे मुख्य दोष शेतातून वाहून आलेल्या खताचा होता, शिंपल्यांनी त्याला हातभार लावला असं अभ्यासक मानतात.

जहाजांवर कायदा आला. १९९० मध्ये अमेरिकेने परक्या जलचरांसाठी पहिला मोठा कायदा केला, १९९३ पासून पंचमहासरोवरांत येणाऱ्या जहाजांना टाकीतलं पाणी भर समुद्रात बदलणं सक्तीचं झालं. पण तोवर शिंपला आत होता. शिकागोजवळच्या कालव्यातून तो मिसिसिपी नदीत उतरला आणि प्रवाहाबरोबर दक्षिणेकडे गेला. एवढं त्याला स्वतःच्या जोरावर जमत होतं.

आता इथून पुढची गोष्ट बोटींची आहे. एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. शिंपला उताराने वाहत जाऊ शकतो, चढ चढू शकत नाही. एका तलावातून निघून डोंगरापलीकडच्या तलावात जायला त्याला वाहन लागतं. अमेरिकेत हौशी माणसं आपली बोट गाडीमागे चाकांच्या गाड्यावर बांधून फिरतात. शनिवारी या तलावावर, पुढच्या शनिवारी त्या तलावावर. बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी, इंजिन थंड ठेवायला आत घेतलेलं पाणी, मासे जिवंत ठेवायची बादली, ओला नांगरदोर, गाड्याच्या चाकात अडकलेलं पाणगवत, यातलं काहीही पुरतं. थंड दमट हवेत मोठा शिंपला पाण्याबाहेर कित्येक दिवस तग धरतो.

अभ्यासक वर्षानुवर्षं सांगत होते की हा एक दिवस रॉकी पर्वत ओलांडणार. २००७ च्या ६ जानेवारीला ते खरं झालं. नेवाडा राज्यात हूव्हर धरणामागे लेक मीड नावाचा अवाढव्य जलाशय आहे, तिथे झेब्राचा भाऊबंद क्वागा शिंपला सापडला. पंचमहासरोवरांपासून ही जागा रस्त्याने तीन हजार किलोमीटरच्या आसपास. मधे वाळवंट आणि पर्वत. नदी नाही, कालवा नाही. तो आला होता गाड्यावरच्या बोटीतून. लेक मीडचं पाणी पुढे कोलोरॅडो नदीतून आणि कालव्यांतून दक्षिण कॅलिफोर्नियाला जातं. शिंपला त्याच वाटेने गेला. तिथल्या पाणीपुरवठा संस्थांना पाईप आणि जाळ्या साफ ठेवायला तेव्हापासून दरवर्षी लाखो डॉलर घालावे लागतात. हा खर्च बोटवाल्याच्या खिशातून जात नाही, नळाच्या पाणीपट्टीतून जातो. ज्या बाईने आयुष्यात बोटीत पाय ठेवला नाही, तीही भरते.

लेक मीडची बातमी आली आणि कॅलिफोर्नियातली सगळी तळी जागी झाली. त्यातल्या कासिटास तलावाची गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून ती सावकाश सांगतो.

कासिटास हा वेंचुरा जिल्ह्यातला तलाव. १९५९ मध्ये मातीचं धरण बांधून झाला. साठ-सत्तर हजार माणसं आणि लिंबू-संत्र्यांच्या बागा त्यावर जगतात. पाणी पिण्याचं म्हणून या तलावात पोहायला सुरुवातीपासूनच मनाई, पण बोटी आणि मासेमारी चालायची. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधल्या नौकानयनाच्या शर्यती याच तलावात झाल्या. म्हणजे बोटींसाठी जगात नाव झालेलं पाणी. त्या तलावाच्या पाणी मंडळाने २००८ च्या मार्चमध्ये ठरवलं, बाहेरची एकही बोट वर्षभर आत येणार नाही.

ओरड झाली. हौशी मासेमार चिडले, दुकानदार म्हणाले आमचा धंदा बसेल. दोघांचं म्हणणं खोटं नव्हतं. तलावावर येणाऱ्यांकडून मंडळालाही पैसे मिळत होते, तेही घटणार होते. पण मंडळाने हिशोब दुसऱ्या बाजूने मांडला. शिंपला एकदा आला की धरणातून पाणी काढणारे पाईप, पंप, गाळणी, सगळ्यांवर कायमचा खर्च. आणि मोठ्या तलावातून त्याला पुसून काढायचा उपाय कुणाकडेच नाही.

त्या बंदीतली एक बारीक गोष्ट बघा. ज्या बोटी आधीपासून तलावाच्या आवारातच ठेवलेल्या होत्या, त्यांना मनाई नव्हती. त्या दुसऱ्या पाण्यात जातच नाहीत, मग त्यांच्यापासून भीती कसली? बंदी बोटीवर नव्हती, बोटीच्या प्रवासावर होती. पुढे दार किलकिलं झालं तेव्हाही हेच सूत्र राहिलं. बाहेरून आलेल्या बोटीने आधी तपासणी करून घ्यायची, मग ३५ दिवस कोरडं उभं राहायचं. करोनात आपण घरात बसलो तसं बोटीचं विलगीकरण. बोट आणि तिचा गाडा यांना मिळून एक तार बांधतात आणि क्रमांकाची सीलबंद पट्टी लावतात. पट्टी शाबूत आहे याचा अर्थ बोट गाड्यावरून खाली उतरलेलीच नाही, कुठल्या पाण्याला तिने हात लावलेला नाही. मुदत भरली की अधिकारी तार कापतात आणि बोट पाण्यात जाते. संध्याकाळी परतताना पुन्हा तार बांधून घ्यायची. मग पुढच्या खेपेला ३५ दिवस थांबायची गरज नाही. पट्टी तुटलेली असली तर मात्र पहिल्यापासून सुरुवात.

आम्हाला यातलं शहाणपण आवडलं. यंत्र नाही, औषध नाही, तार आणि पट्टी. मतमोजणीपर्यंत मतपेटीला सील लावून ठेवतात, तोच प्रकार.

कासिटासच्याच जिल्ह्यात पिरू नावाचा दुसरा जलाशय आहे. २०१३ च्या डिसेंबरात तिथे क्वागा सापडला आणि तो आजही आहे. आणखी उत्तरेला सान हुस्तो नावाच्या जलाशयात २००८ च्या जानेवारीत झेब्रा सापडला, तेव्हा तो जलाशय लोकांसाठी बंद केला. ही बंदी कासिटासपेक्षा वेगळी. तिथे बाहेरचं आत येऊ नये म्हणून दार लावलं, इथे आतलं बाहेर जाऊ नये म्हणून. पहिल्यात तलाव वाचतो, दुसऱ्यात शेजारचे तलाव वाचतात, पण हा तलाव गेलेलाच असतो. तिथल्या लोकांनी बोटिंगही गमावलं आणि स्वच्छ पाणीही.

टाहो सरोवराने पूर्ण बंदी केली नाही, पहारा बसवला. हे सरोवर १,९०० मीटर उंचीवर डोंगरात आहे, ५०० मीटर खोल आहे, आणि पाणी असं निळं की लोक मुद्दाम बघायला जातात. वाशो नावाच्या आदिवासी लोकांचं ते मूळ ठिकाण, ‘टाहो’ हा शब्दही त्यांच्या भाषेतल्या सरोवराच्या शब्दावरूनच आलेला. इथे बोटींवर निर्बंध नवे नव्हते. जळालेलं-न जळालेलं तेल पाण्यात सांडणाऱ्या जुन्या धाटणीच्या इंजिनांना १९९९ मध्येच मनाई झाली होती. २००८ पासून पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक मोटरबोटीची तपासणी सक्तीची झाली. बोट सोडायच्या उतारावर तपासनीस हजर नसेल तेव्हा फाटकाला कुलूप. तपासनीस काय करतात? बोटीच्या बुडावरून हात फिरवतात. नुकतीच चिकटलेली पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, पण हाताला पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. तांदूळ निवडताना खडा दिसण्याआधी आपल्या बोटांना कळतो, तीच कला. संशय आला की ६० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्याने बोट आणि इंजिनाचा आतला भाग धुतात. तपासणीचं शुल्क बोटवाला भरतो.

ही व्यवस्था काटेकोर आहे, तरी टाहोत सगळं वेळेत झालं असं नाही. आशियाई खुबे आणि एक परकं पाणगवत तिथे पहारा बसण्याआधीच शिरलं होतं. पाणबुडे तळाशी रबराच्या चादरी अंथरून ते खुबे गुदमरवतात, आणि हे काम वर्षानुवर्षं चालू आहे. २०२३ मध्ये न्यूझीलंडची चिमुकली चिखल-गोगलगायही तिथे सापडली. पण झेब्रा आणि क्वागा यांना मात्र तिथे पाय रोवता आलेले नाहीत.

न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जमध्ये १९९९ मध्ये झेब्रा सापडला तेव्हा पाणबुड्यांनी खाली जाऊन हजारो शिंपले हाताने खुडून वर आणले. पुढे २०१४ पासून तिथेही तपासणी सक्तीची झाली. मिनेसोटा राज्यात ख्रिसमस लेक नावाचं छोटं तळं आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये बोटी सोडायच्या उताराजवळच शिंपले दिसले. लगेच उतार बंद केला, त्या कोपऱ्याला पडदे लावले, औषधं सोडली. पुढच्या वर्षी शिंपले पडद्याच्या बाहेर निघाले.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे आलेला पाहुणा हाकलता आला, आणि त्याचं आपल्याशी नातं आहे. ऑस्ट्रेलियाच्या डार्विन शहरात बोटी ठेवायचे बंदिस्त धक्के आहेत. तिथे भरती-ओहोटीचा फरक फार, म्हणून पाणी धरून ठेवायला दारं बसवलेली. १९९९ च्या मार्चमध्ये तिथे काळ्या पट्ट्यांचा एक परका शिंपला दाट माजलेला आढळला, सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो नव्हता. सरकारने दारं बंद केली, आतली एकही बोट बाहेर जाऊ दिली नाही, आधीच निघून गेलेल्या बोटी शोधून तपासल्या आणि आतल्या पाण्यात ब्लीच व मोरचूद ओतलं. महिन्याभरात शिंपला संपला. वीस लाखांहून जास्त ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च आला आणि आतले सगळे जीवही मेले. दार होतं म्हणून जमलं. हाच शिंपला १९६७ साली आपल्या विशाखापट्टणम बंदरात सापडला होता, पुढे मुंबईच्या बंदरातही आला. आपल्या बंदरांना तशी दारं नाहीत. तो इथेच राहिला. अलीकडे केरळच्या अष्टमुडी कायलात दक्षिण अमेरिकेकडचा आणखी एक शिंपला पसरलाय आणि तिथले मूळ शिंपले वेचून पोट भरणाऱ्यांना त्याने अडचणीत आणलंय. म्हणजे ही गोष्ट परदेशापुरती नाही.

आता थोडं आपल्या मनातलं बोलू. तलाव बंद म्हटलं की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो, कुणाला बंद? मिनेसोटात हाच वाद पेटला होता. तळ्याकाठी ज्यांची घरं, त्यांच्यातले काही म्हणाले, सार्वजनिक उतार बंद करा, बाहेरच्या बोटी रोग आणतात. दूरच्या गावातून येणारे मासेमार म्हणाले, तळं सगळ्यांचं आहे, शिंपल्याचं नाव पुढे करून तुम्ही ते खासगी करून घेताय. आम्हाला दोन्ही बाजूंत थोडं थोडं खरं दिसतं. पाणी जपायचं म्हणून लावलेलं कुलूप कधी कधी गरिबाच्याच तोंडावर लागतं, हे आपण जंगलाच्या बाबतीत पाहिलंय.

म्हणून कासिटासचं ते बारीक कलम पुन्हा सांगावंसं वाटतं. आपल्या धरणातली मच्छीमाराची होडी आयुष्यभर त्याच पाण्यात असते. उन्हाळ्यात ती काठावर पालथी पडते आणि पावसाळ्यात तिथेच उतरते. तिच्यापासून परका जीव येण्याची भीती नाहीच्या जवळ. भीती आहे ती ट्रकवर घालून दुसऱ्या धरणावरून आणलेल्या मोटरबोटीची, भाड्याने फिरणाऱ्या जेटस्कीची, दुसऱ्या तलावात वापरून न वाळवता आणलेल्या जाळ्यांची, आणि कुठून आलं ते न विचारता सोडलेल्या मत्स्यबीजाची. उद्या कुणी ‘तलाव वाचवायचा’ म्हणून आधी होड्या हटवल्या आणि मग ठेकेदाराच्या बोटी आणल्या, तर ते उलटं काम होईल. ग्रामसभेत बोटिंगचा विषय आला तर पहिला प्रश्न हाच विचारा, ही बोट कुठल्या पाण्यातून आली? ती इथेच राहणार की फिरणार? आली तेव्हा तिचं बूच काढून पाणी काढलं होतं का, किती दिवस उन्हात वाळली? मिनेसोटात बोट रस्त्यावरून नेताना बूच काढलेलं असणं कायद्यानेच सक्तीचं आहे. आपल्या मे महिन्याच्या उन्हात बोट वाळवायला तर पैसाही लागत नाही.

आणखी एक. बोटी बंद करणं हा प्रत्येक रोगावरचा उतारा नाही. आपल्याकडे इंद्रायणी, पवना, पंचगंगा, उजनी, सगळीकडे जलपर्णी माजते. काही जणी आम्हाला विचारतात, मग बोटी बंद केल्या तर ती जाईल का? नाही जाणार. जलपर्णी स्वतःच तरंगते, तिला वाहायला प्रवाह पुरतो आणि वाढायला शहरांचं सांडपाणी. तिथे बोट गुन्हेगार नाही, बोट तर तिच्यात अडकून पडते. शंभर वर्षांपूर्वी बंगालमध्ये नेमकं हेच झालं. तिथे तिला कचुरीपाना म्हणतात. खाड्या-नद्यांतून होड्या चालेनात, पुराबरोबर ती भाताच्या शेतांत घुसे. १९२१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, १९३६ मध्ये खास कायदा झाला आणि आपल्या जागेतली जलपर्णी काढणं ज्याचं त्याला बंधनकारक झालं. रोग कसा पसरतो ते आधी ओळखायचं, मग बंदी कशावर घालायची ते ठरवायचं. शिंपला बोटीने येतो म्हणून बोट अडवली. जलपर्णी गटाराच्या जोरावर माजते, तर गटार अडवायला हवं.

आणि ही सगळी गोष्ट जुनी झाली असं समजू नका. २०२४ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन बंदरात सोनेरी शिंपला सापडला. हा मूळचा चीन आणि आग्नेय आशियातला. १९९१ मध्ये तो दक्षिण अमेरिकेत पोचला होता आणि तिथल्या जलविद्युत केंद्रांना त्याने चांगलाच त्रास दिला. उत्तर अमेरिकेत तो पहिल्यांदाच दिसला. २०२५ चा हंगाम सुरू व्हायच्या आतच आसपासच्या कित्येक जलाशयांनी बाहेरच्या बोटी बंद केल्या किंवा विलगीकरण लावलं. फोल्सम तलावावर १४ एप्रिलपासून नियम आला, तपासणी, तारेचं सील आणि ३० दिवस कोरडा मुक्काम, मगच पाणी. टाहोला तर आता मोटरबोट आधी गरम पाण्याने धुऊन घेतल्याशिवाय सोडत नाहीत. उतारांवर शिंपल्याचा वास ओळखणारी शिकवलेली कुत्रीही असतात. बोटीभोवती एक चक्कर मारतात आणि वास आला की गप्प खाली बसतात. बोटवाल्याला काय समजायचं ते समजतं.

बंगालच्या कचुरीपान्याची गोष्ट आज घाईत सांगितली. तिच्यावर निवडणुकाही लढल्या गेल्या होत्या, १९३९ मध्ये तर सगळा प्रांत एक आठवडा ती उपटायला उतरला होता. ती पुढच्या भागात सविस्तर ऐकू. तोवर तुमच्या धरणावर बोटी आहेत का, कुणाच्या आहेत आणि कुठून आल्या, ते आम्हाला पोस्टकार्डावर किंवा केंद्राच्या फोनवर नक्की कळवा.